पासो रोबल्सला पहिल्यांदा जाताना: द्राक्षमुलखातल्या दोन दिवसांचा बेत

कॅलिफोर्नियाची वाइन म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी नापा येतं. पासो रोबल्स तिथून बरंच दक्षिणेला आहे. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस यांच्या साधारण मध्यावर, किनाऱ्याच्या डोंगररांगेपलीकडे आत वसलेलं हे गाव. वस्ती तीस हजारांच्या आसपास, पण भोवती २०० हून जास्त वाइनरी. ‘एल पासो दे रोब्लेस’ म्हणजे ओक वृक्षांची खिंड. स्थानिक लोक मात्र ‘पॅसो रोबल्स’ म्हणतात, बऱ्याचदा नुसतं ‘पॅसो’.

गाव छोटं असलं तरी द्राक्षांचा मुलूख अवाढव्य आहे, पूर्व-पश्चिम साधारण ४० मैल. पहिल्यांदा येणारे बहुतेक जण इथंच फसतात. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन वाइनरींमध्ये वळणावळणाचा अर्ध्या तासाचा रस्ता निघतो आणि अर्धा दिवस गाडीतच जातो. म्हणून बेत पुढच्या क्रमाने आखा.

१. आधी महिना ठरवा

उन्हाळ्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या वर सहज जातो आणि त्याच रात्री १२-१३ अंशांवर उतरतो. समुद्राकडच्या डोंगररांगेत टेम्पलटन गॅप नावाची खिंड आहे. संध्याकाळी तिच्यातून गार वारा आत येतो. दिवसा भरपूर ऊन मिळाल्याने द्राक्षात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकून राहतो. इथल्या वाइनची जडणघडण या फरकावरच उभी आहे.

एप्रिल-मे सर्वांत सुखाचे: डोंगर हिरवे, वेलींना नवी पालवी, ऊन सोसवणारं. फेब्रुवारीत बदामाचा बहर दिसतो, पण वेली तेव्हा नुसत्या काड्या असतात. नाशिकची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटतं. तिथं वर्षातून दोनदा छाटणी होते आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. इथं वेल हिवाळाभर झोपते आणि काढणी ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. काढणीच्या दिवसांत वाइनरीत आंबणाऱ्या रसाचा वास भरलेला असतो, ट्रॅक्टर धावत असतात आणि बघायला सर्वांत जास्त मिळतं. मात्र गर्दीही तेव्हाच, आणि वाइन बनवणाऱ्या माणसांना बोलायला वेळ नसतो.

जुलैच्या उत्तरार्धात इथं मिड-स्टेट फेअर ही मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत खोल्या मिळणं अवघड आणि भाडं दुप्पट. जत्रेसाठी जायचं नसेल तर ते दोन आठवडे टाळाच. मे महिन्यातला वाइन महोत्सव, ऑक्टोबरातला काढणीचा शनिवार-रविवार आणि लागून सुट्ट्या आलेले आठवडे यांचंही तेच. शक्य असेल तर गुरुवार-शुक्रवार निवडा. टेस्टिंग रूममध्ये (वाइन चाखायला बसवतात ती जागा) ओतणारा माणूस तुमच्याशी खरोखर बोलेल असे तेच दिवस.

२. गाडी कोण चालवणार हे खोली घेण्याआधी ठरवा

‘घोटभरच तर पिणार’ या समजुतीने गोंधळ होतो, म्हणून आधी हिशेब पाहा. एका टेस्टिंगमध्ये साधारण पाच वाइन येतात, प्रत्येकी ३० ते ४५ मिली. ४५ धरले तर एका ठिकाणी २२५ मिली आणि तीन ठिकाणी ६७५ मिली. अख्खी बाटली ७५० मिलीची असते. त्यात पासोच्या लाल वाइन तगड्या, बऱ्याचशा १४.५ ते १६ टक्क्यांच्या. अमेरिकेत ‘एक ड्रिंक’ म्हणजे १२ टक्क्यांची १५० मिली वाइन धरतात. त्या मापाने तीन वाइनरींत पाच ते सहा ड्रिंक होतात.

कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे. मर्यादेच्या आत असूनही गाडी नीट चालवता येत नसेल तर अटक होऊ शकते. व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी, गुन्हा सिद्ध होण्याआधीच, अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. मग भारतात जाऊन परतताना नवा व्हिसा, वैद्यकीय तपासणी आणि अनिश्चित वाट पाहणं. एच-१बी वर असलेल्यांनी ही जोखीम अजिबात घेऊ नये.

पर्याय तीन. पहिला, गटातला एक जण त्या दिवशी पिणार नाही. त्याच्याकडून टेस्टिंगचे पैसे घेणार का, हे आरक्षण करतानाच विचारा. बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. दुसरा, दिवसभरासाठी चालक. व्हॅनसह मिळतो, आणि तुमचीच गाडी चालवायला येणारे चालकही इथं तासावर मिळतात. चौघांत वाटलं तर हे परवडतं. तिसरा, गावातच राहून पायी फिरणं. त्याबद्दल पुढच्या मुद्द्यात.

ॲपवरच्या टॅक्सीच्या भरवशावर पश्चिमेच्या डोंगरात जाऊ नका. गावातून तिकडे नेणारी गाडी मिळेल, पण परतीसाठी बोलवायला फोनला रेंज नसते आणि रेंज मिळाली तरी जवळपास गाडी नसते.

३. एक दिवस, एक दिशा

मुलुखाचे तीन भाग समजून घ्या.

पश्चिम: एडेलेडा रोड, व्हाइनयार्ड ड्राइव्ह, पीची कॅनियन रोड, चिमनी रॉक रोड. ओकची झाडी, चढउतार, अरुंद रस्ते. इथली माती पांढरट, चुनखडीची, कारण ही जमीन कधीकाळी समुद्राचा तळ होती. कॅलिफोर्नियात अशी माती फार थोड्या ठिकाणी सापडते. तिच्या शोधातच फ्रान्समधल्या शातो द बोकास्टेल या वाइनरीचं पेराँ कुटुंब आणि त्यांचे अमेरिकी भागीदार रॉबर्ट हास इथवर आले. १९८९ मध्ये त्यांनी जमीन घेतली, फ्रान्समधून वेलींच्या काड्या आणल्या, त्या विलगीकरणातून सोडवून वाढवल्या आणि टॅब्लस क्रीक ही वाइनरी उभी केली. ग्रेनाश, सिरा, मूर्वेद्र या फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातल्या द्राक्षजातींसाठी पासो आज ओळखलं जातं त्यात या काड्यांचा वाटा मोठा आहे. पहिल्यांदा येणाऱ्याने एक दिवस पश्चिमेलाच द्यावा. वेळ एकाच दिवसाचा असेल तरीही हाच भाग निवडा.

पूर्व: हायवे ४६ पूर्वच्या दोन्ही बाजूंनी. जमीन सपाट, रस्ते सरळ, वाइनरी मोठ्या, कॅबर्ने सोव्हिन्याँ या लाल वाइनच्या द्राक्षाचं राज्य. इथं अंतरं पटकन कापली जातात. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील आणि वळणांचा त्रास होत असेल तर पूर्वेला जा.

गाव आणि टिन सिटी: गावात सिटी पार्कच्या भोवती चार चौकांत कितीतरी टेस्टिंग रूम आहेत. गावाच्या दक्षिणेला, टेम्पलटनच्या वाटेवर पत्र्याच्या गोदामांची वसाहत आहे, तीच टिन सिटी. छोटे वाइन बनवणारे, सायडर, बिअर, सगळं हाकेच्या अंतरावर. द्राक्षबाग दिसत नाही, पण नवे प्रयोग इथंच चाखायला मिळतात आणि गाडी दिवसभर एकाच जागी उभी राहू शकते.

इथला ठरलेला सापळा म्हणजे हायवे ४६. ‘४६ पूर्व’ आणि ‘४६ पश्चिम’ एकमेकांना सरळ जोडलेले नाहीत. पश्चिमेचा फाटा गावाच्या दक्षिण टोकाला आणि पूर्वेचा उत्तर टोकाला. मधलं अंतर हायवे १०१ वरून कापावं लागतं. पत्त्यात नुसतं ‘हायवे ४६’ वाचून निघालात तर नेमके उलट्या टोकाला पोहोचाल. पूर्व की पश्चिम, हे शब्द वाचल्याशिवाय गाडी हलवू नका.

दिवसाला तीन वाइनरी पुरेत. चौथीत जीभ थकलेली असते आणि सगळ्या लाल वाइन सारख्याच लागतात.

४. वेळा राखून ठेवा

बहुतेक टेस्टिंग रूम ११ च्या सुमारास उघडतात आणि ४ ते ५ दरम्यान बंद होतात. शेवटची बसवणूक त्याच्याही आधी. म्हणून ११, १:३० आणि ३:३० अशा वेळा घ्या; ३:३० ची वेळ ५ ला बंद होणाऱ्या ठिकाणीच. एका ठिकाणी दीड तास धरा, उरलेला वेळ प्रवासाला. शनिवारसाठी दोन-तीन आठवडे आधी आरक्षण करा. सहा-आठ जणांहून मोठा गट असेल तर ऑनलाइन फॉर्म चालत नाही, फोन किंवा ईमेल करावा लागतो. न कळवता दहा जण दारात उभे राहिलात तर परत पाठवतील.

शुल्क साधारणपणे माणशी २० ते ४० डॉलर, नावाजलेल्या ठिकाणी त्याहून जास्त. एक-दोन बाटल्या घेतल्या तर बरेच जण ते माफ करतात. किती घेतल्यावर, हे बसतानाच विचारा. मुलं चालतात का हेही आधी विचारा. काही ठिकाणी २१ वर्षांखालच्यांना आवारातही येऊ देत नाहीत, अगदी कडेवरच्या बाळालासुद्धा.

५. बरोबर काय हवं

कागद:
- वयाचा मूळ पुरावा, प्रत्येकाचा. कॅलिफोर्नियाचा परवाना किंवा ओळखपत्र, नाहीतर पासपोर्ट. भारतीय परवाना किंवा आधार कार्डावर बहुतेक ठिकाणी काम होत नाही, आणि फोनमधला फोटो तर नाहीच. भारतातून आलेल्या आईवडिलांचे केस पांढरे असले तरी पासपोर्ट जवळ ठेवा.
- पाहुणा गाडी चालवणार असेल तर त्याचा भारतीय परवाना. तो फक्त मराठी किंवा हिंदीत असेल तर आंतरराष्ट्रीय परवानाही. कॅलिफोर्नियात राहायला आलेल्यांना मात्र इथलाच परवाना लागतो.
- आरक्षणांचे ईमेल फोनमध्ये उतरवून, कारण डोंगरात ते उघडणार नाहीत.

सामान:
- माणशी किमान दीड लिटर पाणी
- टोपी आणि सनस्क्रीन. रात्रीसाठी जाकीट, उन्हाळ्यातही
- बंद बूट. बागांच्या कडेला खडे आणि काटे असतात, उन्हाळ्यात रॅटलस्नेकही
- बर्फाच्या पिशव्यांसह थर्मल पेटी, बाटल्यांसाठी
- ऑफलाइन नकाशा, घरूनच उतरवलेला

अत्तर आणि सुवासिक तेल त्या दिवशी नको. निम्मी चव नाकाने घ्यायची असते, आणि तुमच्या अत्तराने शेजारच्या टेबलाचीही मजा जाते.

६. पोहोचणं

सॅन होजेहून १०१ ने सुमारे अडीच तास, सॅन फ्रान्सिस्कोहून साडेतीन. लॉस एंजेलिसहून साडेतीन ते चार तास. शुक्रवारी दुपारी निघालात तर जास्त धरा. उत्तरेकडून येताना पेट्रोल किंग सिटीत भरून घ्या. पुढे पासोपर्यंत पन्नासेक मैल वस्ती विरळ आहे.

आय-५ महामार्गावरून येणारे लॉस्ट हिल्सला हायवे ४६ पकडतात. वाटेत चोलामे इथं हायवे ४६ आणि ४१ मिळतात. ३० सप्टेंबर १९५५ रोजी अभिनेता जेम्स डीनचा अपघात तिथंच झाला. काम होऊन काही भाग रुंद झाला असला तरी समोरासमोरच्या वाहतुकीचे पट्टे अजून आहेत. अंधारात तिथं ओव्हरटेक करू नका.

रेल्वेनेही येता येतं. कोस्ट स्टारलाइट दिवसातून एकदा प्रत्येक दिशेला थांबते आणि स्टेशन गावच्या चौकापासून चालत जाण्याजोगं आहे. बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून) येणारी गाडी दुपारी पोहोचते, पण उशीर नेहमीचाच. त्या दिवशीचं टेस्टिंग राखू नका.

पश्चिमेच्या रस्त्यांवर पेट्रोल पंप नाहीत. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. वळणावर वेग कमी ठेवा.

७. टेस्टिंग रूममध्ये बसल्यावर

क्रम ठरलेला असतो: पांढरी, गुलाबी, हलकी लाल, तगडी लाल, गोड असेल तर शेवटी. तो मोडू नका. जड वाइननंतर हलकी घेतली तर ती पाण्यासारखी लागते.

टेबलावर भांडं ठेवलेलं असतं. ते थुंकण्यासाठी आणि उरलेली वाइन ओतून टाकण्यासाठी. आपल्याकडच्या संस्कारात दोन्ही अवघड वाटतं, अन्न टाकल्यासारखं. पण इथं त्यात अपमान नाही. वाइन बनवणारे स्वतः दिवसभर थुंकूनच चाखतात. आवडली नाही तर एक घोट घेऊन बाकीची ओता. आवडली असली तरी पुढे दोन वाइनरी बाकी आहेत, हे लक्षात ठेवा.

काय चाखावं? झिन्फँडेल नक्की. पासोची ती जुनी ओळख. पोलंडचे पियानोवादक इग्नात्सी पादेरेव्स्की १९१४ मध्ये संधिवातावर उपचार म्हणून इथल्या गरम झऱ्यांसाठी आले, जमीन घेतली आणि पुढे झिन्फँडेल लावली. हेच गृहस्थ १९१९ मध्ये पोलंडचे पंतप्रधान झाले. सुला या वाइन कंपनीने नाशिकला लावलेली झिन्फँडेल ती हीच जात. घरी सुलाची चव माहीत असेल तर इथली चाखताना उन्हाचा आणि मातीचा फरक लगेच कळेल. त्याखालोखाल ग्रेनाश, सिरा आणि मूर्वेद्र यांचं मिश्रण. यादीत ते ‘जीएसएम’ म्हणून दिसेल. पांढऱ्यांत रुसान आणि व्हियोनिए मागा.

बागेत शिरायचं असेल तर विचारून. भुरी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून इथंही गंधकाची धूळ मारतात, आणि धुरळणीनंतर ठरावीक वेळ आत जायला मनाई असते. घड तोडू नका. शेतकऱ्याने साखर मोजून काढणीचा दिवस ठरवलेला असतो.

निघताना ‘वाइन क्लब’चं सदस्यत्व पुढे येईल. सवलत चांगली असते, टेस्टिंगही फुकट. पण सही करणं म्हणजे वर्षातून दोन ते चार वेळा ठरलेल्या बाटल्या तुमच्या कार्डावर येणार. किमान किती खेपा घ्याव्या लागतील, रद्द कसं करायचं आणि पार्सल घ्यायला घरी २१ वर्षांवरचं कोणी हजर लागेल का (लागतंच), हे वाचून मगच सही करा. तिसऱ्या वाइनरीत तर करूच नका. दुसऱ्या दिवशी फोन करूनही सदस्य होता येतं.

टिप सक्तीची नाही. मन लावून समजावलं असेल तर माणशी पाच डॉलर ठेवावेत.

८. शाकाहारींनी हे नीट वाचावं

वाइन म्हणजे द्राक्षाचा रस, मग शाकाहारीच, असं धरून चालू नका. गढूळपणा काढण्यासाठी काही वाइनमध्ये अंड्याचा पांढरा भाग, माशाच्या फुग्यापासून काढलेलं इसिंग्लास किंवा जिलेटिन वापरतात. याला फायनिंग म्हणतात, आणि ते न केलेली वाइन म्हणजे अनफाइन्ड. हे पदार्थ तळाशी बसून निघून जातात, पण वापरलेले असतात. लेबलवर बहुधा काही लिहिलेलं नसतं. ‘ही वाइन अनफाइन्ड आहे का, किंवा व्हीगन आहे का?’ एवढं विचारा. पासोतल्या पुष्कळ छोट्या वाइनरी फायनिंग करतच नाहीत आणि आनंदाने सांगतात. बेंटोनाइट ही माती वापरली असेल तर हरकत नाही. चीजच्या थाळीत वासराच्या रेनेटचं (जठरातल्या विरजणाचं) चीज असू शकतं, तेही विचारा.

जेवणात मेक्सिकन हा हक्काचा आधार, पण डोळे उघडे ठेवून. राजम्यासारख्या दिसणाऱ्या परतलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. तिला ‘मांतेका’ म्हणतात. भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. ‘सिन मांतेका’ म्हटलं की समजतं. या भागाची खासियत म्हणजे ट्राय-टिप, ते गोमांस. त्याच्यासोबत येणाऱ्या छोट्या पिंकिटो बीन्समध्ये बेकन घालतात, म्हणून ‘नुसत्या बीन्स द्या’ म्हणून भागत नाही.

सकाळी पोट भरून निघा. वाइनरींत बहुधा बिस्किटं आणि चीज एवढंच मिळतं. अनेक ठिकाणी स्वतःचा डबा अंगणात खाऊ देतात. बाहेरची दारू मात्र चालत नाही. डब्यात दशम्या, दहीभात, साधं बटाट्याचं सँडविच न्या. लसणाची चटणी आणि ठेचा संध्याकाळसाठी ठेवा: तिखटाने १५ टक्क्यांची वाइन घशाला जाळते आणि फळाची चव पूर्ण झाकली जाते.

९. न पिणाऱ्यांचा दिवस

पासोला फक्त वाइनसाठी जावं असं मुळीच नाही. पश्चिमेला ऑलिव्ह तेलाच्या घाण्या आहेत, तिथं तेलाचीही अशीच चव घेता येते. उत्तरेला नऊ-दहा मैलांवर सॅन मिगेल मिशन हे जुनं स्पॅनिश चर्च, स्थापना १७९७. आतली जुनी भित्तिचित्रं निवांत पाहण्यासारखी. गरम झऱ्यांच्या पाण्यात बसता येतं. गंधकाचा वास वज्रेश्वरीच्या कुंडांची आठवण करून देतो. २२ डिसेंबर २००३ च्या ६.५ तीव्रतेच्या भूकंपात गावातली जुनी घड्याळाची इमारत कोसळून दोन जीव गेले, आणि नगरपालिकेच्या वाहनतळातून गंधकाचं गरम पाणी उसळलं. हे झरे गावाच्या अगदी पायाखाली आहेत.

संध्याकाळी ४६ पूर्ववर सेन्सोरियो: कलाकार ब्रूस मन्रो यांनी टेकड्यांवर मांडलेले हजारो दिवे, २०१९ पासून. तिकीट वेळेनुसार आधी काढा, मावळतीच्या आत पोहोचा आणि जाकीट विसरू नका.

दुसरा दिवस किनाऱ्याला द्यायचा असेल तर ४६ पश्चिमने अर्ध्या-पाऊण तासात केंब्रिया. पुढे सॅन सिमियनला हर्स्ट कॅसल हा जुना महाल, त्याची फेरी आधी राखावी लागते. त्याच्या थोडं पुढे पिएद्रास ब्लांकासला रस्त्यालगत एलिफंट सील पसरलेले दिसतात, तेही फुकट. पासोत ३८ अंश असताना तिथं १७ असू शकतात. त्याहून उत्तरेला बिग सरकडे जाणारा हायवे १ दरडींमुळे बंद असू शकतो, निघण्याआधी पाहा.

१०. बाटल्या घरी नेताना

उन्हात उभ्या गाडीत वाइन तासाभरात शिजते. बूच वर सरकतं, बाटली चिकट होते आणि चव उकडलेल्या फळासारखी लागते. बाटल्या थर्मल पेटीत ठेवा किंवा शेवटच्या थांब्यावरच घ्या. उघडलेली, अर्धी राहिलेली बाटली बूच लावून डिकीतच ठेवायची. बसायच्या जागेजवळ सापडली तर दंड होतो. उन्हाळ्यात पार्सल करायचं असेल तर थंडी पडल्यावर पाठवायला सांगा, बऱ्याच वाइनरी तशा थांबवून ठेवतात.

भारतात न्यायची असेल तर चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, प्रत्येक बाटली वेगळ्या प्लास्टिकमध्ये. २४ टक्क्यांखालच्या वाइनवर विमानसुरक्षेची प्रमाणमर्यादा नाही. बॅगेचं वजन तेवढं पाहा, कारण भरलेली एक बाटली सव्वा ते दीड किलोची असते. भारतीय कस्टम्समध्ये माणशी २ लिटर शुल्कमुक्त. म्हणजे दोन बाटल्या बसतात. तिसरी घेतली की २.२५ लिटर होतात, आणि वरच्या मापावर शुल्क भरावं लागतं.